दोन इंचांचा हिशेब : इंग्लंडचे अरुंद कालवे आणि आपण न शिकवलेला धडा



सातवीच्या वर्गात पनामा कालव्याचा विषय निघाला होता. पनामातली प्रचंड जहाजं बघून मुलांना नीट काही कळत नव्हतं, म्हणून मी इंग्लंडमधल्या एका लहान कालव्याचा व्हिडिओ दाखवला. एक लांबट, चिंचोळी बोट दगडी हौदात शिरते, मागचा दरवाजा बंद होतो, पाणी भरतं, बोट वर येते, पुढचा दरवाजा उघडतो. मुलांना एकदम पटलं. मी विचारलं, "काही शंका?"

मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. तिचे वडील सुतारकाम करतात. ती म्हणाली, "बाई, तो दरवाजा लाकडाचा आहे ना? कायम पाण्यात असतो. मग कुजत नाही का?"

कालवा कोणी बांधला, कधी बांधला हे मला सांगता आलं असतं, पण याचं उत्तर माहीत नव्हतं. "उद्या सांगते," म्हणाले आणि घरी जाऊन वाचायला बसले. ते वाचन पुढे बरेच दिवस चाललं. आज जे लिहिते आहे ते त्यातूनच आलंय. माझं मत आधीच सांगून टाकते. आपण मुलांना 'कोणी बांधलं' हे शिकवतो, 'कोण सांभाळतं' हे शिकवत नाही, आणि त्यामुळे अर्धाच धडा शिकवून होतो.

अरुंद लॉक म्हणजे काय?

ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. आपल्याकडचे कालवे म्हणजे पाट. धरणातून पाणी सुटतं, उतारानं शेताकडे जातं. इंग्लंडमधले हे कालवे मालवाहतुकीसाठी खणले. बोट दोन्ही दिशांनी चालली पाहिजे, म्हणजे पाणी जवळजवळ स्थिर आणि सपाट हवं. मग वाटेत टेकडी आली तर काय करायचं? तिथे पाण्याचा जिना करायचा. त्या जिन्याची एकेक पायरी म्हणजे लॉक.

जेम्स ब्रिंडली हा मुळात गिरण्यांची यंत्रं बांधणारा आणि दुरुस्त करणारा कारागीर. शालेय शिक्षण फारसं नाही. ट्रेंट आणि मर्सी या दोन नद्यांना जोडणाऱ्या कालव्याचं काम त्याच्या आराखड्यावर १७६६ मध्ये सुरू झालं आणि तो गेल्यानंतर, १७७७ मध्ये पुरं झालं. चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेला जोसाया वेजवुड या कालव्याच्या मागे उभा होता. कारण उघड आहे. खड्ड्याखड्ड्यांच्या रस्त्यानं भांडी नेली तर फुटायची, पाण्यावरून सुखरूप जायची.

ब्रिंडलीनं लॉकची रुंदी साधारण ७ फूट ठेवली आणि लांबी ७० फुटांच्या थोडी वर. इतकी अरुंद का? वाटेत हेअरकासल नावाचा डोंगर होता आणि त्यातून जवळजवळ अडीच किलोमीटरचा बोगदा काढायचा होता. बोगदा जितका रुंद, तितका खर्च आणि वेळ जास्त. दुसरं कारण पाण्याचं.

हे गणित वर्गात जरूर घाला. लांबी ७२ फूट, रुंदी ७ फूट, वर-खाली पाण्याचा फरक ७ फूट धरा. गुणाकार ३,५२८ घनफूट. एका घनफुटात साधारण २८.३ लिटर. म्हणजे एक बोट उतरली की जवळपास एक लाख लिटर पाणी खालच्या बाजूला गेलं. आपल्या भाषेत सांगायचं तर दहा हजार लिटरचे दहा टँकर. लॉक दुप्पट रुंद केलं असतं तर वीस टँकर. टँकरची वाट बघणाऱ्या गावातल्या मुलाला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही.

दोन इंचांची गोष्ट

लॉक ७ फुटांचं, आणि त्यातून जाणाऱ्या बोटी साधारण ६ फूट १० इंच रुंदीच्या. दोन्ही बाजू मिळून मोकळी जागा दोन इंच. एका बाजूला एक इंच.

मला वाटतं, अरुंद लॉकच्या देखभालीची सगळी अडचण या दोन इंचांत आहे. रुंद नदीत चार इंच इकडेतिकडे झाले तर कुणाला कळतही नाही. इथे लगेच कळतं. अडीचशे वर्षांत भिंतीमागची माती ओली होते, सुकते, थंडीत गोठते, फुगते. भिंत हळूहळू आत सरकते, एखादी वीट पोट काढते. दरवाज्यामागे गाळ, फांदी, विटेचा तुकडा अडकला की दरवाजा पुरता उघडत नाही. बोटीला धक्का बसू नये म्हणून बाजूला रबराचे किंवा दोराचे गोळे टांगलेले असतात, ते वर घ्यायला विसरलं तर तेवढ्यानंही बोट भिंतीत पाचरीसारखी बसते.

उत्तर वेल्सकडे जाणारा लँगोलेन कालवा हा सुट्टीत बोट घेऊन जाणाऱ्यांचा अतिशय आवडता. त्याच्यावरच पाँटकिसिल्टे हा टेलफर्डनं बांधलेला, १८०५ साली खुला झालेला उंच जलसेतू आहे, जो आज जागतिक वारसा आहे. पण या कालव्याच्या तोंडाशी हर्ल्सटनला चार लॉक आहेत. तिथल्या भिंती आत सरकत गेल्या आणि जुन्या, जराशा जास्त रुंद मालवाहू बोटी आत जाईनात. ज्या बोटींसाठी कालवा केला त्याच बाहेर! शेवटी भिंत उतरवून पुन्हा बांधावी लागली. जागतिक वारशाचा फोटो सगळे काढतात. त्या वारशापर्यंत बोटीनं पोचायचा हा रस्ता मात्र एका भिंतीच्या फुगवट्यानं अडला होता.

मग दरवाजा कुजतो का?

दुसऱ्या दिवशी मी उत्तर घेऊन वर्गात गेले, तर त्या मुलीनं आधीच घरी विचारलं होतं. "बाबा म्हणाले, पूर्ण पाण्यात बुडलेलं लाकूड टिकतं. पाणी जिथे वर-खाली होतं तिथलं कुजतं." मी जे वाचून आले होते ते हेच. सतत बुडालेल्या लाकडाला हवा मिळत नाही, म्हणून ते लवकर कुजत नाही. कधी ओलं, कधी कोरडं राहणारा पट्टा आधी जातो. शिवाय बोटींचे धक्के, सांध्यांची झीज, लोखंडी पट्ट्यांचा गंज हे सगळं आहेच.

हे दरवाजे ओक लाकडाचे असतात आणि साधारण २० ते २५ वर्षं चालतात. ब्रॅडली आणि स्टॅनली फेरी इथल्या कार्यशाळांत ते तयार होतात. गंमत अशी की एका लॉकचा दरवाजा दुसऱ्याला बसत नाही. प्रत्येक लॉक हातानं बांधलेलं, प्रत्येकाचं माप थोडं वेगळं, म्हणून प्रत्येक दरवाजा मापानं करायचा. दुकानातून तयार आणला असं होत नाही.

बसवायचं काम बहुतेक हिवाळ्यात करतात, कारण तेव्हा बोटींची ये-जा कमी. आधी लॉकच्या दोन्ही बाजूंच्या खाचांत फळ्या टाकून पाणी अडवायचं. मग पंप लावून आतलं पाणी काढायचं. त्यातले मासे पकडून दुसरीकडे सोडायचे. क्रेननं जुना दरवाजा उचलायचा, नवा उतरवायचा. तेवढ्यात भिंतीच्या विटा, खालचा दगडी उंबरठा, पाण्याच्या झडपा तपासायच्या. थंडीत, चिखलात उभं राहून.

आता ढोबळ हिशेब करा. इंग्लंड आणि वेल्समधले बहुतेक कालवे सांभाळणाऱ्या कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टकडे दीड हजारांहून अधिक लॉक आहेत. प्रत्येकाला वरचा आणि खालचा असे किमान दोन दरवाजे. म्हणजे तीन हजार. पंचवीस वर्षांचं आयुष्य धरलं तर वर्षाला सव्वाशेच्या आसपास दरवाजे बदलायलाच हवेत. त्यानं नवं काहीच होत नाही, फीत कापायला कुणी येत नाही. फक्त जे आहे ते चालू राहतं. एखाद्या वर्षी पैसे नाहीत म्हणून थांबलं तर त्या वर्षी काही कोसळत नाही. थांबण्यातला मोह तोच आहे. बिल दहा वर्षांनी येतं, आणि तोवर निर्णय घेणारा माणूस बदललेला असतो.

बोटवाल्यांच्या बाजूनं बघू

इंग्लंडमधल्या बहुतेक अरुंद लॉकवर कर्मचारी नसतो. बोटवाला स्वतः उतरतो, लोखंडी हँडल लावून झडप वर चढवतो, पाणी समान झालं की लांब लाकडी दांड्याला पाठ लावून दरवाजा ढकलतो. निघताना झडपा खाली, दरवाजे बंद. वूस्टर-बर्मिंगहॅम कालव्यावर टार्डबिगला एकामागून एक अशी ३० लॉक आहेत. दिवस त्यातच जातो.

दरवाजा गळका असेल तर काय होतं बघा. लॉक भरतं आहे, पण खालच्या दरवाज्यातून पाणी निसटतंही आहे. आतली पातळी बाहेरच्या इतकी होतच नाही, पाच सेंटिमीटर कमी राहते. पाच सेंटिमीटर म्हणजे किती क्षुल्लक! पण दरवाजा दोन मीटर रुंद आणि दीड मीटर पाण्यात असेल, तर दोन गुणिले दीड गुणिले ०.०५ म्हणजे ०.१५ घनमीटर पाणी. वजनात दीडशे किलो. एवढा भार दरवाज्यावर एका बाजूनं दाबून बसलेला असतो. एकटा प्रवास करणारा सत्तरीतला माणूस तिथे दांड्याला टेकून वाट बघत बसतो. विज्ञानातला दाबाचा धडा यापेक्षा चांगला कुठे मिळणार?

धोकाही असतो. वरच्या दरवाज्याखाली दगडी उंबरठा आतल्या बाजूला पुढे आलेला असतो. पाणी उतरत असताना बोटीचा मागचा भाग त्याच्यावर टेकला तर पुढचा भाग खाली जातो, मागचा अडकतो आणि बोट काही क्षणांत बुडू शकते. म्हणून भिंतीवर पांढरी रेघ काढलेली असते, तिच्या पुढे राहा म्हणून. ती रेघ पुसट झाली तर? रेघ रंगवणं हीसुद्धा देखभालच.

लॉक बंद पडलं की अडचण फक्त सुट्टी घालवायला आलेल्यांची होत नाही. बरेच लोक वर्षभर बोटीतच राहतात. ज्यांना बोट बांधायची कायमची जागा नाही त्यांच्यासाठी १९९५ चा कायदा आहे. एका ठिकाणी सलग १४ दिवसांपेक्षा जास्त थांबायचं नाही. आता पुढचं लॉक बंद असेल तर जायचं कुठे? डिझेल, पिण्याचं पाणी, शौचालयाची टाकी रिकामी करायची जागा, सगळं पलीकडच्या बाजूला. आपल्याकडे पूल खचला की पलीकडच्या वस्तीतल्या मुलांची शाळा बुडते, तसंच हे.

आणि चुका बोटवाल्यांच्याही असतात, हे लपवायला नको. कुणी घाईत झडप उघडीच टाकून जातं. रात्रीतून दोन लॉकमधला अख्खा टप्पा रिकामा होतो आणि सकाळी बोटी गाळात कलंडलेल्या दिसतात. एक लाख लिटर पाणी एका माणसाच्या कंटाळ्यामुळे जाऊ शकतं.

पैसे कोणी द्यायचे?

खरा वाद इथे आहे. हे कालवे १९४८ मध्ये सरकारी झाले. १९६८ च्या कायद्यानं त्यांची वर्गवारी केली, आणि शेवटच्या वर्गातले कालवे बोटींसाठी चालू ठेवायची सक्तीच उरली नाही. त्याआधीच अनेक कालवे गाळानं भरले होते. ते वाचवायला लोक पुढे आले. टॉम रोल्ट आणि रॉबर्ट आइकमन यांच्या पुढाकारानं १९४६ मध्ये इनलँड वॉटरवेज असोसिएशन उभी राहिली. स्ट्रॅटफर्डचा कालवा स्वयंसेवकांनी, अगदी कैद्यांनीसुद्धा खपून दुरुस्त केला आणि तो १९६४ मध्ये पुन्हा उघडला.

२०१२ मध्ये कालवे सरकारी संस्थेकडून ट्रस्टकडे गेले. ट्रस्टला सरकारी अनुदान मिळतं, वर्षाला साधारण पाच कोटी पौंडांच्या वर. २०२३ मध्ये सरकारनं जाहीर केलं की २०२७ पासूनच्या दहा वर्षांत मिळून साधारण चाळीस कोटी पौंड देऊ. भागाकार करून बघा, आकडा आधीच कमी, त्यात महागाई. दुसरीकडे २०२४ पासून परवान्यावरचं रुंद बोटींचं जादा शुल्क वाढलं आणि कायमची जागा नसलेल्या बोटींनाही जादा शुल्क लागलं. बोटवाले म्हणतात, आधीच परवाना महाग, लॉक गळके, आणि आमच्यातल्या कमी पैसेवाल्यांवरच बोजा. बाहेरचे लोक म्हणतात, तुमच्या हौसेसाठी आम्ही कर का भरायचा?

हा प्रश्न मला अगदीच चुकीचा वाटत नाही. वापरतो त्यानं द्यावं, हे बरोबरच आहे. पण वापरतो कोण? परवाना असलेल्या बोटी पस्तीस हजारांच्या आसपास. काठाच्या पायवाटेवरून, जिथून पूर्वी बोट ओढणारे घोडे चालत, तिथून चालणारे, सायकल चालवणारे लाखो. लँगोलेन कालव्यातून तर पिण्याच्या पाण्यासाठी नदीचं पाणी वाहून नेतात. १९४० च्या दशकात त्यावरची वाहतूक बंद करायचं ठरलं तेव्हा या पाण्यामुळेच तो बुजला नाही.

आणि न सांभाळण्याची किंमत तर फक्त बोटवाला देत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये व्हेली ब्रिज गावाच्या वर असलेल्या टॉडब्रुक जलाशयाचा सांडवा पावसात खचला. कालव्यांना पाणी पुरवण्यासाठीच हा जलाशय बांधलेला आहे. सुमारे दीड हजार लोकांना घरं सोडावी लागली. चौकशीत सांडव्याच्या रचनेतल्या उणिवा आणि देखभालीतली कसर, दोन्ही पुढे आलं. त्यातल्या किती घरांत बोट असेल? आपल्याला हे नवं नाही. २७ सप्टेंबर २०१८ ला पुण्यात दांडेकर पुलाजवळ मुठा उजवा कालवा फुटला, तेव्हा ज्यांचे संसार वाहून गेले ते काही त्या पाण्यावर शेती करत नव्हते.

म्हणून माझं मत असं. झडप बंद करणं, दरवाजा हळू उघडणं, भिंतीला धक्का न देणं ही बोटवाल्याची जबाबदारी. दांडे रंगवणं, गवत काढणं, नवख्यांना मदत करणं हे स्वयंसेवक करतात आणि मनापासून करतात. पण आत सरकलेली भिंत आणि कुजलेला दरवाजा यांचा खर्च सार्वजनिक पैशातून नियमित आला पाहिजे. स्वयंसेवकांचं कौतुक करून तो टाळता येणार नाही.

हे मी ठामपणे म्हणते, कारण आपण शिक्षक हे रोज बघतो. लोकवर्गणीतून भिंती रंगल्या, पालकांनी श्रमदानानं मैदान साफ केलं, फोटो छान आले. पण पावसाळ्यात स्लॅब गळतो तो श्रमदानानं थांबत नाही. आणि स्लॅबचा अर्ज मात्र फाइलमध्ये असतो. उत्साही गाव बघून कुणी म्हणू लागलं की 'तुमचं तुम्ही छान करताय की', तर समजावं, आपल्या कष्टाचा उपयोग आपल्याच विरुद्ध होतोय.

वर्गात काय करता येईल?

मी पुढच्या तासाला तीन गोष्टी केल्या. तुम्हीही करून बघा.

१. वरची दोन गणितं, लाख लिटरचं आणि दीडशे किलोचं, मुलांना वेगवेगळी मापं देऊन सोडवायला लावली. सातवीला जमतात.

२. शाळेत फिरून 'दोन इंच' शोधायला सांगितले. म्हणजे अशी जागा, जिथे थोडंसं बिघडलं तरी सगळं अडतं. मुलांनी आणलेली यादी : पाण्याच्या टाकीची तोटी, मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी, जिन्याची एक सुटलेली फरशी. कडीबद्दल मुलींनी कागदावर लिहून दिलं, बोलल्या नाहीत. ती कडी किती दिवस तुटलेली होती हे मला माहीत नव्हतं, याची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी बसवून घेतली.

३. प्रत्येक वस्तूपुढे तीन रकाने : वापरणाऱ्यानं काय करायचं, शाळेनं काय करायचं, शासनानं काय करायचं. मुलांची भांडणं झाली, पण चांगली झाली. तोटी बंद करणं आपलं काम, वायसर बदलणं शाळेचं, टाकीलाच तडा गेला तर अर्ज. हे भांडण म्हणजेच नागरिकशास्त्र.

पालकांना एकच विनंती. घरात सुतार, गवंडी, प्लंबर, फिटर असेल तर मुलांना त्यांच्या कामाबद्दल विचारू द्या. माझ्या वर्गात त्या दिवशी बरोबर उत्तर पुस्तकाआधी एका सुताराच्या घरातून आलं. पुढच्या महिन्यात त्यांना वर्गात बोलावलं आहे, लाकूड का कुजतं ते सांगायला. ते म्हणाले, "मला काय बोलता येणार, बाई?" मी म्हटलं, "तुम्ही फक्त दोन फळ्या घेऊन या."

तुमच्या शाळेतले 'दोन इंच' कोणते, हे जरूर लिहा. आणि माझं पैशांबद्दलचं मत पटलं नसेल तर तेही लिहा.